कोंत्रालातेराल

आमच्या घरमालकांनी पहिल्या भेटीत मला दोन्ही तळहात पुढे करून ताठ उभं राहायला सांगितलं होतं. खोली भाड्याने मागायला आलेल्या बाईला असं कोण सांगतं? मला वाटलं, म्हातारा हात बघून भविष्य वगैरे सांगतो की काय. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि उभी राहिले.

“हां, आतां सारकीं उबीं रावलां,” ते म्हणाले. “तुमची कूड उजवे वटेन. व्हचून पळयात.”

कूड म्हणजे खोली, एवढं मला कळत होतं. मी उजवीकडचं दार ढकललं. आत काजूबियांच्या गोण्या होत्या आणि त्यांवर अंड्यावर बसलेली एक कोंबडी. ती अशी काही अंगावर आली की मी किंचाळत बाहेर पळाले. घरमालक सोप्यावर शांत बसले होते.

“तुमचें उजवें न्हय, बाई. घराचें उजवें. घर तुमच्याकडेन तोंड करून उबें आसा मगो!”

सगळं गाव त्यांना भाई म्हणायचं, म्हणून मीही भाईच म्हणू लागले. चोपड्याला, शापोरा नदीच्या काठावर त्यांचं घर. मी सावंतवाडीकडची. गावातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि वर्षभरापुरती म्हणून घेतलेल्या त्या खोलीत सहा वर्षं काढली. भाड्यापेक्षा शिकवणीच जास्त पदरात पडली, आणि तीही न मागता.

भाई डॉक्टर नव्हते. उभी हयात त्यांनी पणजीला, डॉक्टरकीची मुलं ज्या दालनात मढी फाडून शरीर शिकतात तिथे, शिपाई म्हणून काढली होती. मढं आणायचं, मांडायचं, धुवायचं, उरलेलं नीट बांधून ठेवायचं. पोर्तुगीजांच्या वेळी लागले आणि गोवा मुक्त झाल्यावर पुष्कळ वर्षांनी निवृत्त झाले. शिकवणारे प्रोफेसर येऊन गेले, भाई तिथेच होते. त्यामुळे शरीराचा एकूण एक कोपरा त्यांना पाठ होता, आणि कोपऱ्यापेक्षाही त्या कोपऱ्याचं विशेषण. ते ठरवायचं माणूस तळहात पुढे करून ताठ उभा आहे असं धरून, म्हणूनच पहिल्या दिवशी मला तसं उभं केलं होतं. धडाच्या जवळचं ते ‘प्रोक्सिमाल’, धडापासून लांबचं ते ‘दिश्ताल’. मधल्या रेषेकडचं ‘मेदियाल’, बाहेरच्या बाजूचं ‘लातेराल’. ज्या बाजूला दुखणं त्याच्या बरोबर उलट बाजूचं ते ‘कोंत्रालातेराल’. हा शेवटचा शब्द ते नुसता म्हणत नसत, तोंडात घोळवत.

“राज्य बदललें, नोटी बदलल्यो, रस्त्यांचीं नांवां बदललीं,” ते म्हणायचे. “पूण हाडाक कोणें हात लायलो ना.”

हे शब्द त्यांनी मढ्यांपुरते ठेवले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्यांनी सगळं घर त्यात बसवलं होतं. विहिरीकडची मोरी दिश्ताल, स्वयंपाकघरातली प्रोक्सिमाल. सकाळी सायकलवरून येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे कुठे ठेवायचे ते बरोबर जाणत होता. एकदा त्याच्या जागी त्याचा पुतण्या आला, तर हा पेडण्याच्या वाटेवरून ओरडून त्याला सांगतोय, “भाईंचे उंडे प्रोक्सिमाल पांवड्यार दवर रे!” पुतण्याने ते दाराला लागून असलेल्या पायरीवर ठेवले. म्हणजे त्या कुटुंबात हे शिक्षण आधीच पोचलं होतं. शिंप्याशी मात्र भाईंचं कायमचं फाटलं. “खिसो दावे वटेन” असं सांगूनही त्याने खिसा स्वतःच्या डाव्या बाजूला लावला. भाई तो सदरा पाच वर्षं घालत होते, आणि भेटेल त्याला तो खिसा दाखवत होते.

माझीही एकदा फजिती केली. वर्गात माणसाच्या शरीराचा तक्ता लावून मी सांगितलं, “हृदय डावीकडे असतं,” आणि छडी ठेवली ती माझ्या डावीकडे, म्हणजे तक्त्यातल्या माणसाच्या यकृतावर. संध्याकाळपर्यंत बातमी भाईंकडे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत छत्री टेकत स्वारी शाळेत हजर. हेडमास्तरांना नमस्कार, मला नमस्कार, आणि मग तक्त्यातल्या माणसाला नमस्कार.

“बाई,” सगळ्या वर्गासमोर ते म्हणाले, “दुखता ताका विचारचें, तुजें उजवें खंयचें. आपलें सांगचें न्हय. आपलें सांगपी मनीस दोतोर जायना आनी मास्तरूय जायना.”

मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दारात फणसाचे गरे ठेवले. प्रोक्सिमाल पायरीवर.

पुढे भाषेचं आंदोलन पेटलं. कोंकणी राजभाषा की मराठी, यावर घराघरांतून भांडणं झाली. जेवणाच्या पाटावरून भाऊ भाऊ उठून गेले. मी मराठी शाळेची बाई, तेव्हा माझ्याशी बोलताना लोक आधी घसा खाकरायचे. भाई घरात कोंकणी बोलत, सकाळी मराठी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, आणि शिव्या पोर्तुगीजमध्ये देत. दोन्हीकडची माणसं त्यांना विचारायला येऊन गेली की तुम्ही कोणाच्या बाजूचे. भाईंनी हनुवटीपासून बेंबीपर्यंत बोटाने एक उभी रेघ ओढून दाखवली.

“हांव मेदियाल.”

 विचारायला आलेले चहा पिऊन गेले.

बाबलो मात्र त्यांना पुरून उरला. बाबलो म्हणजे आमच्या शेजारचा पाडेली, माडावर चढून नारळ पाडणारा. त्याची बायको शेवंती आमच्याकडे परसातली झाडलोट करायची. दर तीन महिन्यांनी बाबलो भाईंचे माड पाडायला चढायचा आणि भाई खाली उभं राहून सूचना द्यायचे. एकदा म्हणाले, “माडाचे उजवे वटेचो घोंस काड.” बाबलो वरून ओरडला, “भाई, आदीं सांगात, माडाचें तोंड खंय आनी फाट खंय?”

 भाई दोन दिवस त्या माडाभोवती फिरत होते. शेवटी हार मानली. “माडाक उजवें ना, दावें ना. फकत प्रोक्सिमाल आनी दिश्ताल. बाबलो खरो आनातोमिश्त,” असं त्यांनी मला मोठ्या मनाने सांगितलं. त्या दिवसापासून बाबलोवर त्यांचा फार जीव होता. तो चढला की हे खाली उभे, उन्हात, उतरेपर्यंत.

गावातली माणसं दुखणी घेऊन भाईंकडे येत. भाईंचा एक नियम होता. कुठे दुखतंय ते ते बोट लावून पक्कं करायचे, एका चिठ्ठीवर त्या जागेचं नाव लिहायचे आणि चिठ्ठी देऊन पेडण्याच्या डॉक्टरकडे पाठवायचे. काय झालंय, हे कधी सांगायचे नाहीत. कोणी फारच मागे लागलं तर उखडायचे. “हांव मेल्ल्यांचो शिपाय. खंय तें सांगतां. कितें तें दोतोर सांगतलो!” आणि चुकून कोणी त्यांनाच डॉक्टर म्हटलं तर त्याला त्या दिवशी चिठ्ठीसुद्धा मिळत नसे.

हा नियम कशासाठी, ते मला शेवंतीने सांगितलं. मी यायच्या आधी भाईंची बायको एके दिवशी डावा खांदा दुखतो म्हणाली. भाईंनी बोटाने चाचपून नेमकी जागा शोधली, म्हणाले, काही नाही, ओझ्याने धरलाय, आणि स्वतः तेल लावून चोळत बसले. दुखणं खांद्यात होतं, पण कारण खांद्यात नव्हतं. दिवेलागणीला ती गेली. ज्या माणसाने सगळं आयुष्य हृदय हातात घेऊन धुतलं, त्याला ते आपल्या घरात ओळखता आलं नाही. भाईंनी हे मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फक्त त्यानंतर त्यांच्या चिठ्ठ्यांना मी हसणं सोडून दिलं.

आंदोलनाच्याच दिवसांत एका सकाळी शेवंती रडत आली. बाबलोचा उजवा हात काम करत नव्हता. आठ दिवसांपूर्वी कोयता हातातून सुटला होता, मग भाताचा घास सुटू लागला, आणि आता पायही ओढत होता. डोकं दुखतं म्हणून पडून राहायचा. कालपासून नुसता झोपेत. वैद्याचा उजव्या खांद्याला लेप लावून झाला होता. सासरा म्हणत होता, देवचाराची, गावाच्या राखणदार भुताची, वाट ओलांडली असणार, गावाबाहेर हलवायचा नाही.

भाई तिच्या मागोमाग निघाले. मी त्यांच्यामागे. आंदोलनामुळे शाळा बंदच होती.

बाबलो चटईवर होता. भाईंनी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलंही नाही. ते थेट डोक्याशी बसले आणि केसांतून बोटं फिरवू लागले. डाव्या कानाच्या वर त्यांचं बोट थांबलं.

“हांगा कितें लागिल्लें?”

“तें? तें महिन्यापयलीं,” शेवंती म्हणाली. “माडावयलो नाल्ल माथ्यार पडलो. तो हांसलो, हळद लायली, दुसऱ्या दिसा माडार चडलो. ताचें कितें? तें दावे वटेन, हात उजवो!”

भाईंचा चेहरा मी त्या दिवसाआधी तसा पाहिला नव्हता. ते उठले, बाहेर अंगणात आले आणि तुळशीपाशी उभे राहिले. 

“बाई, माका खबर आसा,” ते मला म्हणाले. “उजव्या हाताचो भाटकार, ताचो धनी, दाव्या माथ्यांत रावता. रगत साकळ्ळां थंय. पूण हें हांव सांगूं? आनी परत चुकलों तर?”

 मी म्हटलं, “भाई, गप्प राहिलात आणि बरोबर असलात तर?”

ते माझ्याकडे रागाने बघत राहिले. मग आत जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, “हाका हात दुखना. हाचें माथें दुखता. आयजूच पणजे व्हरूंक जाय. फाल्यां न्हय. आयज.”

सासरा हटेना. नदी ओलांडायची, रस्त्यांवर झाडं आडवी टाकलेली, वाटेत काही झालं तर जबाबदार कोण? देवाला विचारल्याशिवाय माणूस हलणार नाही, हा त्याचा शेवटचा शब्द. मी वाद घालणार होते, पण भाई म्हणाले, “विचारूंया. चल देवळांत.”

बाबलोच्या मेहुण्याने तोवर टेम्पो आणून देवळासमोर उभा केला, बाबलोला त्यात निजवलं. देवळात गुरवाने देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. गुरव गाऱ्हाणं घालायला तोंड उघडणार, इतक्यात भाई पुढे झाले आणि त्याच्या कानाशी लागले. गुरवाने त्यांच्याकडे बघितलं, मिशीतल्या मिशीत हसला, आणि मोठ्याने म्हणाला, “म्हाराजा! हो बाबलो पणजे वता. शिवोलेचे फेरीन व्हरचो जाल्यार उजवी दी, पेडण्याचे वाटेन व्हरचो जाल्यार दावी दी!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. सासराही म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की न्यायचा की नाही हे कोणी विचारलंच नाही. पण देवासमोर एकदा व्हय म्हटलं ते म्हटलं.

 बराच वेळ काही हलेना. मग डावीकडची पाकळी घसरली आणि खाली पडली. मी कशाला थांबते! धावत बाहेर आले आणि टेम्पोवाल्याला ओरडले, “डावी! पेडण्याच्या वाटेने! लवकर!” त्याने गाडी वळवली आणि निघालाच.

मागून भाईंचा आवाज आला. ते नेसलेलं पुडवें एका हाताने सावरत, अनवाणी, देवळाच्या पायऱ्या उतरत होते. सत्तरीतला माणूस इतक्या जोराने ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

“बाई! देवाची उजवी! देवाची! तुमची न्हय!”

पाकळी देवाच्या उजव्या अंगाची पडली होती. समोर उभ्या असलेल्या मला ती डावीकडे दिसली. तिथलं सगळं गाव हे न सांगता जाणत होतं, चार वर्षांची पोरंसुद्धा. नव्हतं कळलं ते फक्त विज्ञानाच्या बाईंना. मी टेम्पोमागे धावले, माझ्यामागे भाई, भाईंमागे मेहुणा. शेवटी पोदेर समोरून सायकलवर येत होता, त्याने सायकल रस्त्यात आडवी घालून गाडी थांबवली. नदीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा फेरीबोटीचा दोर सोडला होता. फेरीवाल्याने शिव्या देत परत लावली.

भाईंनी धक्क्यावर शेवंतीच्या हातात चिठ्ठी दिली. नेहमी एक ओळ असायची, या वेळी चार होत्या. नारळ कधी लागला, कुठे लागला, हात कधीपासून गेला, झोप कधीपासून. खाली मोठ्या अक्षरांत ‘कोंत्रालातेराल’ आणि त्याखाली, पहिल्यांदाच, स्वतःची सही.

“तुमी येना?” शेवंतीने विचारलं.

“टेम्पोंत सुवात ना,” ते म्हणाले. जागा होती. 

त्यानंतर दोन दिवस काही कळलं नाही. पलीकडे म्हापशाजवळ रस्ता बंद आहे, पणजीत गाड्या नाहीत, अशा नुसत्या वावड्या. भाई सकाळी पहिल्या फेरीला धक्क्यावर जाऊन बसत ते शेवटच्या फेरीपर्यंत. उंडे पायरीवर तसेच पडून, कोंबड्यांनी खाल्ले. मी डबा नेऊन द्यायची, तो ते कोणाला तरी देऊन टाकायचे. बोलायचे ते फक्त एकच. “वाटेर कितें जालें आसत तर? हांवें धाडलो. घरांत आसलो तर निदान घरांत आसतलो.” मला त्यांची दया यायची आणि त्या चिठ्ठीची भीती वाटायची. त्यांची सही होती तिच्यावर.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीवर शेवंती दिसली. एकटीच. हातात रिकामी पिशवी. भाई उभे राहिले, आणि फेरी टेकण्याआधीच पाण्यात उतरले, घोट्यापर्यंत.

शेवंती उतरली ती बोलतच. म्हापशापुढे झाडं आडवी होती, पण आंदोलनाच्या पोरांनी आजारी माणूस बघून स्वतः ओंडका उचलला. इस्पितळातल्या डॉक्टराने चिठ्ठी वाचली आणि खाटेबरोबर तोही धावायला लागला. डोक्याला दोन भोकं पाडली, काळं रक्त काढलं. ती कपडे न्यायला आलीय, लगेच परत जायचंय.

भाई काही ऐकत नव्हते. तिचा दंड धरून उभे होते.

“आतां कसो आसा?”

“आतां? आयज जेवलो. पेज आनी सुंगटांची कढी.”

“खंयच्या हातान?”

 तीन दिवसांची जागरणं, वाटेचे हाल, आणि हा म्हातारा विचारतोय काय!

“खंयच्या हातान म्हळ्यार?” ती खेकसली. “मनीस जेवता खंयच्या हातान, भाई? उजव्या!”

भाई तिथेच, धक्क्याच्या ओल्या उतारावर, बसले आणि मोठमोठ्याने रडायला लागले. पुडवें भिजलं, छत्री पाण्यात गेली. फेरीवरून उतरणारी माणसं थबकली. एकाने डोक्यावरची टोपी काढली. पोदेर सायकल टाकून धावत आला आणि घाबऱ्या घाबऱ्या मला विचारू लागला, बाबलो कधी गेला म्हणून. त्याला सांगायला मी तोंड उघडलं, तर मलाच रडू फुटलं.